गादी काढून सांगितलेली वेळ

या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत अकराशे वीस किलोमीटर. कुणी कितीही डोकेफोड केली तरी हे अंतर कमी होत नाही की वाढत नाही. पण ते कापायला वेळ किती लागतो असं विचारलं, की गादीवाले खुर्चीत जरा मागे रेलायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "खरा सांगू, का छापलेला?"

गादीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गाद्यांचं दुकानही त्यांच्या सात पिढ्यांत कुणी काढलं नव्हतं. ते एका विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात नोकरीला होते, तिसऱ्या मजल्यावर, जिथल्या खिडकीतून एकही विमान दिसत नाही, फक्त शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. कुठलं विमान किती वाजता सोडायचं हे वरचे साहेब ठरवायचे. ते किती वाजता पोचलं असं म्हणायचं, हे गादीवाले ठरवायचे. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं.

म्हणजे असं बघा. या अकराशे वीस किलोमीटरना हवेतला वेळ एक तास पस्तीस मिनिटं. पण विमान काही रिक्षा नव्हे, बसलं की सुटलं असं व्हायला. आधी ते आपल्या जागेवरून रांगत रांगत धावपट्टीच्या तोंडाशी जातं, तिथे दुसरी चार विमानं आधीच उभी असतात, त्यात गेली पंधरा मिनिटं. उतरल्यावर पुन्हा रांगत जागेवर यायला पाच. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून परत ठोकळे लावेपर्यंत एक तास पंचावन्न. हा झाला खरा वेळ. तिकिटावर मात्र छापलेला असतो दोन तास वीस. मधली पंचवीस मिनिटं म्हणजे गादी. आपटलं तरी लागू नये म्हणून खाली घातलेली.

सगळ्याच कंपन्या ती घालतात आणि प्रवाशांना त्याचा पत्ता नसतो. विमान वीस मिनिटं उशिरा सुटतं, लोक घड्याळं बघून चरफडतात, आणि तरीही ते वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचतं. मग ती आतली मुलगी गोड आवाजात तसं जाहीर करते आणि माणसं अशी खूश होतात, जणू वैमानिकाने खास त्यांच्यासाठी विमान दामटलं. गादीवाल्यांना याची मनातून गंमत वाटायची. पण ती चेहऱ्यावर यायची नाही, कारण चेहऱ्यावर काही येऊ द्यायची त्यांना सवयच नव्हती.

अडचण एवढीच झाली, की ही गादी ऑफिसातून त्यांच्या घरी आली. सात वाजता येतो म्हणाले, की सहा वीसला दारात हजर. परक्याला वाटेल, किती तत्पर माणूस. ज्यांच्याकडे जायचं त्यांना मात्र ते तत्पर वाटत नसे. एकदा ऑफिसातल्या एकाने जेवायला बोलावलं. साडेआठ सांगून हे आठला दहा कमी असतानाच पोचले, तेव्हा यजमान डोक्याला साबण लावून न्हाणीघरात होते आणि त्यांची बायको मुलाला रट्टे देत होती. गादीवाले आणि त्यांची बायको जिन्यात पायरीवर बसून राहिले. बायकोने त्या चाळीस मिनिटांत त्यांना जे ऐकवलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा तेच केलं.

बायकोने मग त्यावर स्वतःपुरता इलाज काढला. त्यांनी कुठलीही वेळ सांगितली, की ती हातातलं काम न थांबवता विचारायची, "गादी धरून, का काढून?" ते म्हणायचे, "काढून. एक मिनिट इकडेतिकडे नाही." ती चाळीस मिनिटं वजा करायची आणि तिचं उत्तर बरोबर यायचं. कारण गादीवाले गादी काढून वेळ सांगतो असं म्हणायचे, पण काढायचे नाहीत. त्यांना ते जमतच नव्हतं. खोटं बोलतोय असंही त्यांना वाटत नसे. तेवढी जागा सोडली नाही तर माणूस बेजबाबदार, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

हे मत ते ऑफिसात शिकले असं सगळे समजायचे. खरं म्हणजे ते त्याच्या आधीचं होतं. त्यांची थोरली बहीण, ताई, त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा यांची दप्तरं भरण्यापासून यांना ताप आला की रात्रभर कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवण्यापर्यंत सगळं ताईने केलं. तिचं लग्न होऊन ती अकराशे वीस किलोमीटरवरच्या त्या दुसऱ्या शहरात गेली. पहिल्या नोकरीची पहिली सुट्टी मिळाल्यावर हे बसने तिच्याकडे निघाले आणि कळवून ठेवलं, सहाला पोचतो. बस वाटेत बंद पडली. हे पोचले रात्री नऊला. ताई बसथांब्यावर उभी होती. सहापासून तिथेच, पोटुशी, सातवा महिना, सूज आलेले पाय चपलेत मावत नव्हते. ती रागावली नाही. "आलास ना," एवढंच म्हणाली आणि यांच्या हातातली पिशवी घ्यायला लागली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर गादीवाल्यांनी कुणालाही, आणि ताईला तर नाहीच नाही, नेमकी वेळ सांगितली नाही. आपल्यामुळे तिला पुन्हा ताटकळावं लागू नये, एवढाच त्यातला हेतू.

ताई काही दुधखुळी नव्हती. दोन-तीन खेपांतच तिने ओळखलं. याने पाच सांगितलं, की ती चार वीसला चहाचं आधण ठेवायची आणि पाणी उकळायला आणि बेल वाजायला एकच गाठ पडायची. "माझा भाऊ विमानांची वेळ सांगतो आणि मी भावाची," असं ती शेजारणींना सांगायची. पुढे विमानाने जाणं-येणं सुरू झालं, तेव्हा त्यांनी तिला समजावलं, की तिच्याकडे जाताना वारा समोरून असतो म्हणून एक तास पस्तीस. इकडे येताना तो पाठीवर असतो म्हणून एक तास वीस. अंतर तेच. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मला तुझ्याकडे यायला कमी वेळ लागतो आणि तुला माझ्याकडे यायला जास्त. तरी दर वेळी येतोस तू आणि घर सोडवत नाही मला. उफराटंच आहे सगळं." यावर ते हसले होते. हे हसणं दुर्मिळ असल्यामुळे ताईच्या मुलाला, म्हणजे यांच्या भाच्याला, ते अजून आठवतं.

गादीवाले निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी ताईला पोटाचं दुखणं निघालं. आधी गोळ्या, मग ऑपरेशन, मग पुन्हा गोळ्या, आणि मग डॉक्टरांनी गोळ्याही बंद करून नुसती दुखणं दाबायची इंजेक्शनं चालू केली. याचा अर्थ सगळ्यांना कळला. गादीवाले त्या वर्षात सहा वेळा जाऊन आले. सहाही वेळा चाळीस मिनिटं आधी पोचले.

सातव्या वेळी भाच्याचा फोन सकाळी आठला आला.

"मामा, आजच ये," भाचा म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, आता उद्याचं सांगता येत नाही. आणि ऐक, आईला तुझ्याशी बोलायचंय. शुद्धीवर असताना. पहाटे जागी होती तेव्हा तेच सांगून झोपलीये. इथे सिस्टर आहेत, त्यांच्याशी बोल."

नर्सचा आवाज वयस्क आणि थकलेला होता. "हे बघा, इंजेक्शन दिलं की त्या चार तास गुंगीत असतात. गुंगी उतरली की साधारण अर्धा-पाऊण तास त्या चांगल्या बोलतात. मग दुखणं चढतं, ते बघवत नाही, लगेच पुढचं द्यावं लागतं. आणि आता डोस इतका वाढलाय, की पुढच्या वेळी त्या नीट जाग्या होतील असं मी सांगणार नाही. तेव्हा तुम्ही किती वाजता पोचता ते मला नक्की सांगा. त्याच्या बरोबर चार तास आधी इंजेक्शन देते. म्हणजे तुम्ही याल तेव्हा त्या जाग्या असतील."

"दहा मिनिटांत सांगतो," गादीवाले म्हणाले.

ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी आकडे मांडले. सव्वाअकराचं विमान. छापील पोच एक पस्तीस. जुन्या ऑफिसात फोन करून त्यांनी वाऱ्याची चौकशी केली. वारा नेहमीइतकाच होता, धावपट्टीशी रांगही नेहमीइतकीच. म्हणजे ठोकळे लागणार एक दहाला. सामान काहीच घ्यायचं नाही, म्हणून बाहेर यायला बारा मिनिटं. दुपारच्या वेळी गाडीने चाळीस. हॉस्पिटलच्या फाटकापासून लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर, डावीकडे शेवटची खोली, आठ मिनिटं. लिफ्ट तिथली कायम वरच अडकलेली असते, ते धरून. बेरीज दोन वाजून दहा.

पेन्सिल तशीच हातात धरून ते त्या आकड्याकडे बघत बसले. हात आपसूक दोन पन्नास लिहायला निघाला होता. पण दोन पन्नास सांगितलं आणि दोन दहाला पोचलो, तर ताई गुंगीत असणार. शेजारी बसून वाट बघता येईल, आणि ते चाललंही असतं. पण चाळीस मिनिटं तिचा हात हातात घेऊन नुसतं बसायचं आणि मग ती जागी झाल्यावर घाईघाईने बोलायचं, हे त्यांना नको होतं. आणि इंजेक्शन चाळीस मिनिटं लांबवून तिच्या दुखण्याशी खेळ करायला मन धजेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गादी काढली. त्यांनी फोन लावला आणि भाच्याला सांगितलं, "दोन दहा. सिस्टरना सांग, आणि ताई उठली की तिलाही सांग. एक मिनिट इकडेतिकडे नाही."

बायको कणीक मळत होती. तिने ऐकलं आणि सवयीने विचारलं, "गादी धरून?"

"काढून," ते म्हणाले.

तिने मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तो चेहरा तिला वाचता येत होता. "खरंच काढलीत?"

"हो."

"मग तसं ताईंना सांगितलंत का?"

"सांगितलं की. एक मिनिट इकडेतिकडे नाही म्हणून."

"अहो, ते तर तुम्ही नेहमीच म्हणता," बायको म्हणाली.

खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. गादीवाल्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरले. गाडीत बसल्यावर पुन्हा फोन करावा असं त्यांच्या मनात आलं. पण ताई झोपलेली होती, आणि भाच्याला हे गादीचं प्रकरण पहिल्यापासून समजावत बसायचं म्हणजे आपलंच हसं. शिवाय सिस्टरना वेळ कळली होती, इंजेक्शन त्या देणार होत्या, ताई नाही. असा विचार करून त्यांनी फोन खिशात ठेवला. माणूस हुशार असला की त्याला गप्प बसायलाही चांगली कारणं सापडतात.

विमान सव्वाअकराला हललं. धावपट्टीशी पुढे चार विमानं होती, पंधरा मिनिटं गेली. गादीवाले मनगटावरचं घड्याळ बघत होते आणि एकेक आकडा जागेवर बसत होता. एकतीस वर्षं लोकांना फुगवलेली वेळ विकल्यावर आज स्वतः खऱ्या वेळेवर बसून चालल्याचं त्यांना बरं वाटत होतं. ताईला काय काय विचारायचं याची उजळणीही चालू होती. विमान एक वाजून आठ मिनिटांनी थांबलं. नियोजित वेळेच्या सत्तावीस मिनिटं आधी पोचल्याचं जाहीर झालं आणि शेजारचा गृहस्थ यांना म्हणाला, "वा, काय पळवलंय बघा." गादीवाल्यांनी मान डोलावली. वाचलेली दोन मिनिटं पुढे एका सिग्नलला गेली. लिफ्ट अपेक्षेप्रमाणे वरच अडकलेली होती. तिसऱ्या मजल्यावर डावीकडे वळले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

भाचा खोलीच्या दाराबाहेर उभा होता. चाळिशी उलटलेला माणूस, पण दप्तर हरवलेल्या पोरासारखा.

"मामा," तो म्हणाला, "आत्ताच. पाच मिनिटं झाली."

गादीवाल्यांना वाटलं, ती गेली.

"नाही, नाही. इंजेक्शन दिलं," भाचा म्हणाला. मग त्याने जे झालं ते सांगितलं. ताई नऊनंतर जागी झाली. त्याने तिला सांगितलं, मामा दोन दहाला येतो म्हणालाय, एक मिनिट इकडेतिकडे नाही. ती हसली. नर्सला म्हणाली, "सिस्टर, माझा भाऊ दोन दहा म्हणाला म्हणजे दीडला येतो. साठ वर्षं ओळखते त्याला. तुम्ही साडेनऊलाच इंजेक्शन द्या." नर्सने पुन्हा पुन्हा विचारलं, पण ताई ऐकेना, आणि पेशंट इतक्या खात्रीने सांगतेय म्हटल्यावर तिने दिलं. बरोबर दीडला ताई जागी झाली. पलंग वर करून घेतला. केस विंचरून घेतले, चष्मा लावून घेतला. डावा कान बरा म्हणून स्टूल डाव्या बाजूला ओढून ठेवायला लावलं. मग दाराकडे बघत राहिली.

"पावणेदोनला दुखायला लागलं," भाचा म्हणाला. "सिस्टर इंजेक्शन भरून आणत होत्या आणि ही परत पाठवत होती. येईलच म्हणाली. दोन वेळा परत पाठवलं, मामा. चादर अशी मुठीत धरली होती. दोनला मी म्हटलं, आई, अजून दहाच मिनिटं, मामाने दोन दहा सांगितलंय. तर मलाच म्हणाली, तुला काय कळतंय त्याचं. शेवटी तिला बोलवेना. दोन पाचला दिलं."

गादीवाल्यांना एवढं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ते आत जाऊन डाव्या बाजूच्या स्टुलावर बसले. ताईच्या डोळ्यांवर चष्मा तसाच होता. तो त्यांनी काढला, घडी करून उशाशी ठेवला. नर्स येऊन सलाइनची नळी बघून गेली. जाताना हळूच म्हणाली, "मला तुमचीच वेळ धरायला हवी होती." "तुमचं काही चुकलं नाही," गादीवाले म्हणाले, आणि ते खरं होतं.

ताईला त्यांच्याशी काय बोलायचं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. बहुधा काही विशेष नसावं. भावाबहिणींचं असं काय मोठं बोलणं असतं. पण अर्धा तास हवा होता, आणि तो दीड ते दोन या वेळात, रिकाम्या स्टुलासमोर, संपून गेला होता.

साडेतीन वाजले, चार वाजले. भाचा खाली चहा प्यायला गेला. पावणेपाचच्या सुमाराला दोन नर्सनी ताईला कुशीवर वळवलं, तेव्हा तिचे डोळे किंचित उघडले. नीट दिसत नसावं. गादीवाले पुढे वाकले, तिच्या डाव्या कानाशी.

"ताई, मी आलोय."

तिचे ओठ हलले. "कधी?"

"मघाशीच."

"उशीर झाला तुला."

नोकरीच्या एकतीस वर्षांत या माणसाने आपलं एकही विमान उशिरा पोचल्याचं कुणासमोर कबूल केलं नव्हतं. लग्नात, बारशात, केशकर्तनालयात, जिथे म्हणून कुणी त्यांच्या कंपनीला नावं ठेवली तिथे त्यांनी आकडे काढून भांडणं केली होती. आजचं विमान तर खऱ्या वेळेच्याही दोन मिनिटं आधी आलं होतं.

"हो गं," ते म्हणाले. "विमानच उशिरा आलं. चाळीस मिनिटं लेट."

ताईच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. "तरीच," ती म्हणाली. श्वास घेऊन थांबली. "म्हणजे माझं... बरोबर होतं."

"तुझं बरोबरच होतं, ताई," गादीवाले म्हणाले.